यंदाचा समुद्र

ज्याच्या मांडीवर पिशवी, त्याला घरी जायचं असतं.

*

भिंतभर तळं आहे. तळ्यात होडी, होडीत नवरा-बायको, दोघांचे दात पांढरेशुभ्र. होडीवरचा नंबर उलटा छापला गेलाय, आरशात दिसतो तसा. या तळ्यासमोर बसून आजवर किती जोडप्यांनी सह्या केल्या त्याला गणती नाही. नंबर एकानंही वाचला नाही.

*

"माझी बॅग भरली. तुझी तू बघ."

*

शनिवारी समुद्राचा वास, रविवारी देवदारांचा. फवारायचे दोन्ही डबे एकाच कपाटात, झाडूच्या शेजारी.

*

सुट्टी लागली की शाळेच्या बसची ड्रायव्हर चालायला निघते. वर्षभर ती बसूनच असते.

*

लग्न म्हणजे दोन माणसं आणि एक नकार. नकार कोणाकडे आहे ते शोधायचं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचं.

*

हे शेवटचं वाक्य तिसऱ्याचं. नवीन भरती झालेल्या पोरापोरींना तो ते शिकवायचा आणि ती वहीत उतरवून घ्यायची. ती उतरवून घेतात याचीही त्याला मनातून कीव यायची.

तिसरा हे काही त्याचं नाव नव्हे. मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एका कंपनीचं ऑफिस होतं. सुट्टीची मेंबरशिप विकायची. दर वर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं, कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टवर. खाली सरकत्या जिन्यापाशी पहिला माणूस उभा असायचा. तो जोडप्यांना चाकांच्या बॅगचं आमिष दाखवून वर पाठवायचा. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. वर दुसरी, म्हणजे फिल्मवाली मुलगी, त्यांना थंड काहीतरी प्यायला द्यायची, फिल्म दाखवायची आणि आकडे सांगायची. मग जोडपं एकमेकांकडे बघायचं आणि म्हणायचं, "विचार करून सांगतो."

तेव्हा तिसरा यायचा.

विचार करून सांगतो म्हणणारी माणसं विचारही करत नाहीत आणि सांगतही नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्याला जोडप्यांचा तिटकारा होता. एकेकटा माणूस तसा बरा असतो, निदान त्याला आपल्याला काय हवंय ते माहीत असतं. दोघं झाली की सगळा गोंधळ. एक म्हणणार, "आमचं काय, आम्हाला कुठेही चालतं," आणि दुसरा त्याच्याकडे असं बघणार की जणू आत्ताच कोणीतरी त्याच्या ताटातलं उचललं. कोणाला डोंगर हवा, कोणाला समुद्र. कोणाला सकाळी सहाला उठून सूर्य बघायचा, कोणाला दुपारपर्यंत पडदे ओढून लोळायचं. वर्षभर एका घरात राहून जी भांडणं मिटत नाहीत ती ही माणसं बॅगेत घालून दुसऱ्या गावी नेतात आणि वर खोलीचं भाडं भरतात. तिसरा त्यांना मध्ये बसून समजवायचा. "तीन दिवस ह्यांचे, तीन दिवस तुमचे, एक दिवस दोघांचा. आवडी वेगळ्या आहेत म्हणून तर मेंबरशिप पाहिजे." बोलताना तो कोणाची खुर्ची कोणापासून किती दूर सरकते ते बघत राहायचा. खुर्ची सरकली की कागद पुढे करायचा.

सही झाली की फ्लोअर मॅनेजर पितळेची घंटा वाजवायचा. त्याला सगळे घंटामास्तर म्हणत. घंटा वाजली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत होती. तिसरा टाळ्या वाजवायचा नाही. तो तोवर पुढच्या टेबलाकडे निघालेला असायचा.

आता त्याच्या घरचं.

त्याची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर सुया, बाटल्या आणि दंडावर कापूस दाबून धरलेली माणसं. सुट्टीत तिला गर्दी लागायची. अनोळखी मोठं शहर, बाजार, स्वस्तातलं लॉज, पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडणं, कोणाचीही तब्येत न विचारता नुसते चेहरे बघणं. त्याला काय लागायचं? विचारलं तर तो म्हणायचा, शांतता. आठवडाभर बोलून बोलून जीभ सोलून निघते, मला आठ दिवस कोणी हाकसुद्धा मारू नये. ठीक आहे, ती म्हणायची, मग कुठेतरी शांत जाऊ. पण शांत ठिकाणीही तो कधी गेला नाही. कंपनीनं त्याला जुना माणूस म्हणून फुकट मेंबरशिप दिली होती. दर वर्षीचा आठवडा येई आणि फुकट जाई. कारण शनिवार-रविवारी जोडपी येतात, आणि शनिवार-रविवार सुट्टी घेतली तर तिसरा कसला.

त्या शनिवारी सकाळी तो दाढी करत होता आणि ती बाथरूमच्या दारात उभी होती.

"सहाची बस आहे."

"माहितीय."

"दोन तिकिटं काढलीत."

"काढ म्हटलं होतं ना मी. येतो की. ऑफिसातूनच येतो, स्टँड मागेच तर आहे."

"गेल्या वर्षीही मागेच होता."

तो गालावरचा फेस पुसत म्हणाला, "तू ना, भांडायला काहीतरी शोधतेस."

"भांडत नाहीये," ती म्हणाली, आणि खरंच ती भांडत नव्हती. आवाज लॅबमधला होता, पेशंटला मूठ वळायला सांगतानाचा. "आलास तर बरं वाटेल. नाही आलास तर मी जाईन. पण पुढच्या वर्षीपासून विचारणार नाही. एवढंच सांगून ठेवते. माझी बॅग भरली. तुझी तू बघ."

त्यानं बॅग भरली. हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं असली माणसं बॅगही भरत नाहीत. दोन शर्ट, एक पँट, चप्पल. ऑफिसात टेबलाखाली ठेवली. त्याला जायचं होतं.

*

जोडपं साडेचारला आलं.

पन्नाशी उलटलेली दोघं. बाई अंगानं भरलेली, ताठ बसणारी, खांदे मजबूत. तिनं येताच सांगून टाकलं की ती शाळेची बस चालवते आणि तिला बंद काचांच्या खोलीत झोप येते. नवरा बारीक, किल्ल्या बनवणारा. त्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. आत स्टूल, मशीन आणि तो. बोटांच्या कडांना पितळेची पूड कायमची बसलेली. पिशवी बाईच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली.

फिल्मवालीनं फिल्म दाखवली, आकडे सांगितले. दोघांनी शांतपणे ऐकलं. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्हाला सुट्टीत काय आवडतं.

"मला चालायला," बाई म्हणाली.

"मला समुद्र," किल्लीवाला म्हणाला. "बसून."

फिल्मवालीचे डोळे चमकले. आवडी वेगळ्या म्हणजे अर्धं काम झालं. ती तीन दिवस ह्यांचे, तीन दिवस तुमचे करू लागली. पण ही दोघं काही एकमेकांकडे बघेनात. खुर्च्या सरकेनात. उलट बाईनं विचारलं, "आठवडा आधी ठरवावा लागतो का?"

"हो, सहा महिने आधी बुक केलं तर..."

"सहा महिने आधी मला काय माहीत माझे पाय कुठे जाणार. मी सकाळी दार उघडते आणि ज्या बाजूला सावली असेल त्या बाजूला निघते. एकदा गेले तिथे परत जात नाही. तुमचा जो रिसॉर्ट आहे तो तिथल्या तिथेच असणार ना?"

"म्हणजे... हो."

"मग माझ्या काय कामाचा."

"आणि दादांचं?"

"मला एवढा मोठा पलंग नको," किल्लीवाला संकोचून म्हणाला. "विचार करून सांगतो."

फिल्मवालीनं तिसऱ्याकडे बघितलं. तिसऱ्यानं घड्याळाकडे. पाच वाजत आले होते. असल्या जोडप्याला किती वेळ लागतो याचा त्याला अंदाज होता. तो कोट घालून आला आणि बाईच्या शेजारच्या खुर्चीत बसला, कारण नकार तिच्याकडे होता.

"ताई, एक सांगू? तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे."

"मग झालं तर."

"पण मग तुम्ही दोघं सुट्टीला जाता कसे?"

"जातो की. बरोबरच निघतो. स्टेशनपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे हे एका फलाटावर, मी दुसऱ्या. हे त्यांच्या समुद्राकडे, मी माझ्या वाटेनं. आठव्या दिवशी स्टेशनच्या कँटीनमध्ये भेटायचं. चहा घ्यायचा. आधी मी माझं सगळं सांगायचं, ह्यांनी मध्ये बोलायचं नाही. मग ह्यांनी सांगायचं, मी मध्ये बोलायचं नाही. संपलं की घरी."

"हिचं लांबतं," किल्लीवाला म्हणाला. "माझं छोटं असतं."

"छोटं कसलं. मागल्या खेपेला कँटीनवाल्यानं उठवलं आपल्याला. ह्यांचा समुद्र संपेचना."

आणि ती हसली. नवऱ्याकडे बघून, तोंड उघडं टाकून, एक दात पडलेला दिसेल एवढं. किल्लीवालाही हसला, खाली बघत.

इतक्या वर्षांत त्याच्या टेबलावर नवरा-बायको रडले होते, एकमेकांना नालायक म्हणाले होते, एकानं बायकोला तिथेच सोडून लिफ्ट गाठली होती. त्या सगळ्याची त्याला सवय होती. ही असली दोघं, ज्यांच्या आवडी जुळत नाहीत आणि ज्यांचं त्यावाचून काही अडत नाही, ती त्याला बघवेनात. ढोंग असणार. कुठेतरी कुजलेलं असणारच.

फिल्मवाली मागून येऊन हळूच म्हणाली, "सर, तुमची बस ना? मी बघते यांचं. असंही नाहीच म्हणतायत."

ते खरं होतं. दोघं उठायच्या बेतात होती. घड्याळात साडेपाच होत होते. टेबलाखाली त्याची बॅग भरलेली होती, स्टँड मागच्या गल्लीत होता. त्यानं नुसतं "बरंय, या" म्हणायचं होतं.

"दोन मिनिटं," तो फिल्मवालीला म्हणाला. मग त्या दोघांना, "बसा ना. तुमची चाकांची बॅग यायचीय अजून. गोदामातून आणायला माणूस गेलाय."

गोदाम वगैरे काही नव्हतं. बॅगा पडद्यामागे एकावर एक रचलेल्या होत्या.

"दादा," तो किल्लीवाल्याकडे वळला. आवाजात त्यानं जी ऊब आणली ती त्याला हवी तेव्हा आणता यायची, नळाच्या पाण्यासारखी. "मी रोज समुद्र विकतो, पण खरं सांगू, नीट बघितलेला नाही. तुमचा मागल्या वर्षीचा समुद्र सांगा की. बॅग येईपर्यंत."

"नको हो. मला काय बोलता येतंय."

"सांगा," बाई म्हणाली. "तो कुत्र्याचा सांगा."

किल्लीवाल्यानं गावाचं नाव घेतलं. दीपस्तंभ असलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं गाव. मग म्हणाला, "तिथे किनाऱ्याला धरून फरसबंदी रस्ता आहे. दगडी बाक आहेत. मी संध्याकाळी शेवटच्या बाकावर बसायचो. तिथे एक कुत्रा यायचा. ओहोटी लागली, पाणी मागे सरायला लागलं, की हा पाण्याच्या अंगावर जाऊन भुंकायचा. पाणी आणखी मागे. हा आणखी भुंकायचा. त्याला वाटायचं आपणच हाकललं. मग माझ्याकडे बघायचा, की बघितलंस ना? मी म्हणायचो, बघितलं बाबा. आणि भरतीच्या वेळेला हा कुठे दिसायचाच नाही. कुठेतरी जाऊन झोपलेला असणार. आपल्या माघारी पाणी परत येतं हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं."

बोलताना त्याची बोटं टेबलाच्या काचेवर पाण्यासारखी पुढेमागे होत होती. फिल्मवाली उभ्या उभ्या ऐकत राहिली. बाईनं ही गोष्ट नक्कीच आधी ऐकलेली होती, तरी ती नवऱ्याच्या तोंडाकडे पहिल्यांदा ऐकावी तशी बघत होती.

तिसरा ऐकत नव्हता. तो मोजमाप घेत होता, आणि त्याला हवं ते सापडलं होतं.

"सुंदर," तो म्हणाला. "कधी गेला होतात?"

"हिच्या शाळेला मोठी सुट्टी लागली तेव्हा."

"अच्छा. मग ते पत्रे कधी काढले हो?"

"कसले पत्रे?"

"तिथे आमचा रिसॉर्ट आहे ना दादा. किनाऱ्याची भिंत खचली म्हणून मागल्या वर्षी सगळा रस्ता खणून काढला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत उंचच्या उंच पत्रे. बाक नाही, काही नाही. समुद्र दिसतच नव्हता. आमचे मेंबर मला फोन करून शिव्या घालायचे. आख्खा सीझन." तो थांबला. किती थांबायचं ते त्याला कळायचं. "तुम्हाला बरा कुत्रा दिसला."

किल्लीवाल्याची बोटं काचेवर होती तिथे राहिली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मान खाली गेली ती इतकी की टकलाचा मधला भाग दिसू लागला. लहान मुलाची चोरी पकडली की ते जसं आपल्याच हातांकडे बघत राहतं, तसा तो पितळेच्या पुडीकडे बघत बसला.

"काही हरकत नाही," तिसरा म्हणाला. आता तो भरधाव निघाला होता. "असं होतं. वेगवेगळं जायला लागलं की होतं. माणूस कुठे जातो, कोणाकडे जातो, काय करतो, कोण विचारणार? ताई, मी काही म्हणत नाही. पण तुम्ही इतकी वर्षं चहा पीत पीत जे ऐकलंत त्यातलं खरं किती, हे आता तुम्हाला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, बरोबर जा. एका खोलीत राहा. एकच खिडकी, एकच समुद्र. तिथे कोणालाच कोणाला काही सांगत बसावं लागत नाही. दादांनाही बरं. कशाला हवी ही कसरत या वयात..."

बाईनं मांडीवरची पिशवी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

तिसऱ्याला दुसरं काही बघायची गरज नव्हती. गेला नकार.

"सही कुठे करायची?" बाईनं विचारलं.

"अगं," किल्लीवाला म्हणाला.

"करा तुम्ही पण. इथे. चला."

दोघांनी सह्या केल्या. कोणी काही वाचलं नाही. घंटामास्तरनं घंटा वाजवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पडद्यामागून चाकांची बॅग आली. बाईनं ती ओढली नाही, उचलून नेली. किल्लीवाला तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालत होता.

"सर, मानलं तुम्हाला," फिल्मवाली म्हणाली. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

साडेसहा होऊन गेले होते.

घंटामास्तरनं चहा मागवला. शनिवारचा सगळ्यात कठीण सौदा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिसरा बसला. मागच्या गल्लीतून स्टँडपर्यंत जायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. पण सहाची बस म्हणजे सहाची. उगाच धापा टाकत जायचं आणि रिकाम्या फलाटावर बॅग घेऊन उभं राहायचं, हे तो दुसऱ्यांना करताना बघायचा तेव्हा त्याला हसू यायचं. फ्लोअरवर फोन आणायला बंदी होती, फोन खणात असायचा. चहा झाल्यावर त्यानं तो काढला. बायकोचा एक फोन येऊन गेला होता, सहाला पाच कमी असताना. निघता निघता चार शब्द सुनावायला केला असणार. त्यानं उलटा फोन केला नाही. उद्या करू, राग निवळल्यावर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. देवदारांचा वास, सहा जोडपी. राहून गेलं.

*

बुधवारी दुपारी शाळेची बस मॉलसमोर उभी राहिली आणि बाई वर आली. अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट, हातात किल्ल्या, पिशवी नाही. आठ दिवसांच्या आत मेंबरशिप रद्द करता येते. हे कंपनी कोणाला आपणहून सांगत नाही, पण मागायला आलं तर नाही म्हणता येत नाही.

"बसा ताई."

"नको. बसूनच असते मी. रद्द करायचीय."

तिसऱ्यानं कागद काढले. असल्या वेळीही त्याच्याकडे एक ठरलेलं भाषण होतं. ते त्यानं सुरू केलं. "घरी जाऊन शांतपणे विचार केलात का? दादांचं काय म्हणणं..."

"त्यांनी समुद्र बघितलेला नाही, हे मला माहीत होतं."

त्यानं शिक्का हातात घेतला.

"पहिल्या वर्षीच कळलं. दोन स्टेशनं पलीकडे त्यांची बहीण राहते. तिथे जातात. तिच्या माळ्यावर एक खोली आहे, तिथे आठ दिवस पडून राहतात. झोपतात, रेडिओ ऐकतात. त्यांना गाडीत भीती वाटते, नवीन गावात भीती वाटते. नणंदेनंच फोन करून सांगितलं मला, की वहिनी, हा इथे आहे, काळजी करू नका, पण मी सांगितलं म्हणून बोलू नका."

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"काय बोलायचं होतं? मला कळलंय असं म्हटलं असतं तर ते लाजून माझ्याबरोबर यायला निघाले असते. मग त्यांचीही सुट्टी गेली, माझीही गेली." तिनं किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "आणि चांगलं सांगतात हो. त्या माळ्यावर पडून पडून आठ दिवस रचत असणार. दर वर्षी वेगळा. मी चालत असते ना दिवसभर, तेव्हा डोक्यात हेच असतं, की यंदा कुठला समुद्र घेऊन येतायत. तेवढ्यावर माझी चाल होते. मागल्या वर्षीचा तो कुत्रा मला फार आवडला होता."

तिसऱ्यानं शिक्का मारला. शिक्का वाकडा बसला.

"मग सही का केलीत?"

"तुम्ही थांबत नव्हता म्हणून. त्यांची मान खाली गेली होती आणि तुम्ही बोलतच होता. सही केल्याशिवाय तोंड मिटणार नाही असं दिसलं." ती त्याच्याकडे नीट बघत होती, रागानं नव्हे. "माझ्या बसमध्येही असतं एखादं. दुसऱ्याचा डबा उघडून सगळ्यांना दाखवतं, की बघा ह्यानं काय आणलंय. स्वतःचा कधी उघडत नाही. त्याला मी माझ्या मागच्या सीटवर बसवते. मारत नाही, ओरडत नाही. नुसती आरशातून लक्ष ठेवते."

"आता सुट्टीत?" त्यानं विचारलं. का विचारलं ते त्याचं त्याला कळलं नाही. धंद्याचा प्रश्न नव्हता तो.

"आता म्हणतात, तू ये जाऊन. मी आहे घरी." तिनं कागदाची प्रत घडी करून शर्टाच्या खिशात घातली. "शाळा सुटायची वेळ झाली."

ती गेल्यावर फिल्मवालीनं कागद फाईलला लावला. "सर, तुमचा सौदा गेला," ती म्हणाली. तिला वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

*

त्याची बायको रविवारी रात्री परतली. चेहरा उन्हानं रापलेला, पायाला दोन ठिकाणी पट्ट्या. नव्या कापडाची एक ओढणी खांद्यावर होती, कुठल्याशा बाजारातली, इकडे मिळत नाही असा निळा रंग. तिनं हातपाय धुतले, मळके कपडे बादलीत टाकले, चहा टाकला. त्यालाही कप दिला.

"कसं झालं?"

"छान झालं."

तो थांबला. पूर्वी तो इथेच उठून टीव्ही लावायचा. पूर्वी ती त्याच्या मागोमाग टीव्हीसमोर यायची आणि बातम्यांच्या वरच्या पट्टीत सांगत राहायची, की लॉजवाला कसा लबाड होता आणि एका गल्लीत फक्त बटणांचीच दुकानं कशी होती. तो हं हं करायचा.

"कुठे कुठे हिंडलीस?"

"असंच. बाजारात."

"आणि?"

"आणि काय. नेहमीसारखंच."

त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. कोणाच्या शेजारी कसं बसायचं, किती वाकायचं, हात कुठे ठेवायचे, हे त्याच्याइतकं त्या शहरात कोणाला येत नव्हतं. आता त्यातलं काही सुचेना. हात त्यानं नुसते गुडघ्यांवर ठेवले.

"सगळं सांग ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता, रुसवाही नव्हता. खरोखरच तिला प्रश्न पडला होता.

"कशाला?" ती म्हणाली.

मग तिनं दोन्ही कप उचलले, विसळले, पालथे घातले आणि सकाळी लॅबला लवकर जायचं म्हणून झोपायला गेली. ओढणी खुर्चीच्या पाठीवर राहिली होती. तो बराच वेळ त्या ओढणीच्या शेजारी बसून होता.

त्या शनिवारी सहाची बस सव्वासातला सुटली.